तोरणमाळच्या चढावर

आंबेहळदीचा वास आला की माझ्या लेकीचा, सुमनचा, लेप लावलेला लहानसा पाय आठवतो. मोडलेल्या पायाच्या कामट्या नुकत्याच सोडल्या होत्या आणि मी तोरणमाळला जायचं ठरवलं.

"पोरना पाय आत्ते जुडना, तुमले डोंगर सुचस?" बायको म्हणाली. थंड हवेत पोर लवकर सुधारेल, अशी मला खात्री होती.

चढ लागला तसे नेहमीप्रमाणे आम्ही गाडीतून उतरलो, बैलांना ओझं नको म्हणून. सवयीने मी सुमनलाही खाली ठेवलं. बरंच पुढे गेल्यावर ती लंगडताना दिसली. तिला गाडीत बसवू लागलो, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे बापू, बैल दमी जातीन."

आज ती शेतभर ताठ फिरते. पण बैलांना आधी जपायचं, हे तेव्हा ती माझ्याकडूनच शिकली होती.