तीन पॉइंट तीनचे मास्तर

निपाणीचे नागनाथ मास्तर कानडी राजधानीतल्या चामराजपेटेत दयानंदच्या कॉम्प्युटर क्लासात आठ वर्षं डॉस, म्हणजे कॉम्प्युटर ज्या हुकमांवर चालायचा ती जुनी पद्धत, शिकवत होते. कुणी विचारो न विचारो, त्यांची टकळी चालूच : "डॉस तीन पॉइंट तीन! तसं परत काही झालं नाही बघा. मग चार आलं. सगळे नाचत गेले आणि तोंड पोळून परत तीनवर आले. ह्या डोळ्यांनी बघितलंय मी!"

शहाण्णव साली पोरं जे. पी. नगरात डॉसच्या जागी आलेलं नवं 'पंच्याण्णव' शिकायला पळू लागली, तरी मास्तर खुशाल. आतून डॉसच आहे म्हणे, वरून नुसता रंग फासलाय. पुढच्या खेपेला जुनंच परत येणार, असं कुणा स्पेअरपार्टवाल्यानं त्यांना शपथेवर सांगितलेलं. आता त्या शपथेला ना शेंडा ना बुडखा! पण बुडत्याला काडीचा आधार.

कारण मास्तरांच्या बॅचला उरली होती तीन डोकी. दयानंद माणूस भला, तरी दसऱ्याआधी त्यानं सांगून टाकलं, "अण्णा, दिवाळीपासून खोली भार्गवीबाईंना देतोय. त्या पंच्याण्णव शिकवतात." मास्तरांचं वय सेहेचाळीस. दुसरं काही येत नव्हतं, आणि नवं शिकायची आतून भीती वाटायची, हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नाही.

एकच वाट उरली होती. चिकपेटेतले कापडवाले भीमसेन शेठ यांच्याकडं फ्लॉपीवर चालणारी आठ जुनी यंत्रं होती. ती टाकवत नव्हती, म्हणून नोकरांना डॉस शिकवावं असं त्यांच्या मनात होतं. दसरा झाला की बघायला येणार होते. शेठ हो म्हणाले तर मास्तरांची नोकरी टिकणार होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, गल्लीतल्या रिक्षांना केळीचे खुंट बांधले गेले. मास्तरांनी टेबलावर फ्लॉप्या मांडल्या. मूळच्या, नकलेच्या, होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या. वर्षभर हा माणूस खोलीत पोरांना बिस्किट खाऊ देत नसे. कण गेला की फ्लॉपी मेली, म्हणून ओरडायचा. पण पूजा ती पूजा! बायकोनं, गंगव्वानं, ताट पुढं केलं.

"स्वल्प, थोडं जास्तच वाहतो. यंदा गरज आहे," मास्तर म्हणाले आणि चिमूट चिमूट हळदीकुंकू त्यांनी प्रत्येक फ्लॉपीवर सोडलं. कागदी पाकिटांची तोंडं उघडीच होती.

तिसऱ्या दिवशी शेठ आले. "सरी, बरं, दाखवा मास्तर."

यंत्र सुरू झालं, कर्रकर्र वाजलं आणि अडकलं. सोडून देऊ, पुन्हा बघू, की हरलो म्हणू, असं पडद्यावर इंग्रजीत विचारू लागलं.

"घाबरायचं नाही, पुन्हासाठी आर दाबायचा," मास्तर हसत म्हणाले. आठ वर्षं पोरांना ते हेच सांगत आले होते. दुसरी फ्लॉपी घातली. तिसरी. नकलेची. तिसरी काढली तेव्हाच बोटं कुंकवानं लाल झाली होती, आणि आता, अरे देवा, मास्तरांना सगळं उमगलं.

शेठ काही वाईट बोलले नाहीत. जाताना दारात दयानंदला त्यांनी भार्गवीबाईंच्या क्लासची वेळ तेवढी विचारली.

"अण्णा, राहू दे आता," दयानंद परत येऊन म्हणाला.

मास्तरांनी मान हलवली आणि आर दाबला.