आत घेतलेली कंबर

टाचणीबाईंच्या ओठांत टाचण्या असल्या, की तेवढाच वेळ आमच्या जिन्यात शांतता. एरवी त्यांच्या जिभेला हाड नाही. शिवणकाम करणाऱ्या या बाईंना गल्लीने टाचणी केलं आणि त्यांच्या नवऱ्याला मीटर, कारण त्यांचा उभा जन्म लोकांच्या घरचे पाण्याचे मीटर वाचण्यात गेला. निवृत्तीनंतर वाचायला काही उरलं नाही, तेव्हा ते स्वतःलाच वाचू लागले.

त्याला कारण होतं. त्यांचे वडील, काका, थोरला भाऊ, सगळे साठी ओलांडताच सुकत सुकत गेले. “आमच्या घरातला पुरुष आधी पँटीतून निसटतो, मग जगातून,” असं ते म्हणत. रोज सकाळी पँट चढवून कंबरेत अंगठा घालून बघत. अंगठा अडकला की चेहरा खुले.

“घट्ट आहे. इतक्यात तुझी सुटका नाही.”

“माझं नशीबच फुटकं!” बाई म्हणत.

एका सकाळी अंगठा सहज आत गेला. मीटर पांढरेफटक पडले. दिवसभर अन्नाला शिवले नाहीत. बाईंना ते बघवेना. दुपारी त्यांचा डोळा लागताच बाईंनी मागची शिवण उसवली, जराशी आत घेतली, वर इस्त्री फिरवली. दुसऱ्या दिवशी अंगठा अडकला.

“काल धुवून सैल पडली असेल हो,” बाई म्हणाल्या. मीटर पोटभर जेवले.

मग ते चालूच राहिलं. वयाने माणूस झडतोच, अशी बाईंनी मनाची समजूत घातली. इकडे मीटर घटाघटा पाणी पीत आणि सारखे मोरीकडे पळत. “जन्मभर मीटर वाचले, आता स्वतःच नळ झालात!” म्हणून बाई हसत.

बाईंना सुईचं नेढं दिसत नसे. दोरा मीटरच ओवून देत.

“कोणाचं एवढं शिवतेस?”

“आहे एक गिऱ्हाईक. सारखं बारीक होतंय.”

“अगं मग डॉक्टरला दाखव म्हणावं त्याला!”

बाईंनी घाईघाईने ओठांत टाचण्या धरल्या.

लेक माहेरी आली, त्या दिवशी हात धुताना मीटरांची अंगठी बोटातून गळून बेसिनमध्ये पडली. लेकीने एकदा अंगठीकडे बघितलं, एकदा बोटाकडे, आणि आईवडील दोघांनाही दवाखान्यात नेलं.

“वजन कधीपासून उतरतंय?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“उतरलंय कुठे?” मीटर म्हणाले. “ही पँट बघा. जशीच्या तशी बसते.”

“मी आत घेतली,” टाचणीबाई म्हणाल्या. “वर्षभर घेतेय.”

“आई!” लेक ओरडली. मीटरांचा हात मागच्या शिवणीवर गेला.

रक्तात साखर निघाली, भरमसाट. “तुमच्या घरातली माणसंही बहुधा यानेच गेली असतील,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “औषधाने, पथ्याने पुष्कळ जगाल. पण डोळ्यांपर्यंत पोचलीय. गेली तेवढी नजर परत यायची नाही. वर्षापूर्वी आला असता तर...”

घरी आल्यावर मीटरांनी कपाटातल्या सगळ्या पँटी काढून बाईंसमोर टाकल्या.

“उसव.”

बाईंनी एकेक शिवण उसवली. मीटर आता पट्टा आवळून, कंबरेला चुण्यांचा घेर घेऊन गल्लीत चालायला जातात. पोरं हसली तर म्हणतात, “हसा लेको. ही सगळी जागा मला परत भरायची आहे.” बाईंना मात्र त्यांनी एका शब्दाने दुखावलं नाही, आणि बाईंना तेच जास्त लागलं.

परवा बाई खिडकीशी बसून दोरा ओवायची खटपट करत होत्या. नवऱ्याला हाक मारायला त्यांची जीभ रेटेना.

“आण इकडे,” मीटर म्हणाले.

त्यांनी सुई उजेडात धरली. दोरा नेढ्याच्या बाजूने गेला. थुंकी लावून टोक पिळलं, पुन्हा धरला. पुन्हा बाजूने. गिऱ्हाइकाचं काम मांडीवर तसंच पडून होतं. बाईंच्या ओठांत एकही टाचणी नव्हती, तरी त्या काही बोलल्या नाहीत. नवऱ्याच्या हाताखाली आपला हात धरून बसून राहिल्या.