आक्काने न खाल्लेली पोळी

माझी थोरली बहीण आक्का प्रश्न पुरता ऐकून घेत नसे. सुलतानपूरच्या आमच्या घरी पाहुणा ओसरीवर टेकून "काय गं पोरी, बाबा..." एवढं म्हणाला, की आतून आवाज यायचा, "वावरात गेले, दिवस मावळल्यावर येतीन, गूळपानी आनतो!" आई कपाळाला हात लावी. "हे जीभ सासरी कशी निभनार?" आक्का म्हणे, "सासरच्यायले काय मुकी पायजे?"

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, तेव्हाची गोष्ट. धाकट्या बाळूचं जावळ काढायला आम्ही दमणीतून लोणारला, तळ्याकाठच्या देवीला निघालो. दादा बाबांशेजारी ताठ बसून बैल हाकायला शिकत होता. आक्का गाडीत ठरेना; खाली उडी मारून चाकाबरोबर पळायची. मी सात वर्षांचा, आईला चिकटून एकच विचारत होतो, "जेवन कवा?"

"देवीले नैवेद्य दाखोल्याबिगर कोनी तोंडात काई घालाचं नाही," आई म्हणाली.

गाडी वर सोडून आम्ही उतार उतरलो. बाळू आक्काच्या कडेवर होता. देवळापुढे न्हावी जावळ काढू लागला, तसे सगळे तिकडे गेले. आईने मला दुरडीजवळ बसवलं, वानरं येतात म्हणून. वानरं आली नाहीत. मी झाकण काढलं आणि नैवेद्याच्या पाच पुरणपोळ्यांतली एक खाल्ली.

आईने ताट वाढायला घेतलं आणि तिचा हात थांबला. "नैवेद्य कोनं उष्टावला?"

"मी न्हाव्यापाशी होतो," दादा लगेच म्हणाला, आणि ते खरंच होतं. बाबांची नजर माझ्याकडे वळली. मी आईच्या पदराआड सरकलो.

"म्या खाल्ली," आक्का म्हणाली. "भूक लागली होती मले."

बाबांनी तिला दोन थपडा दिल्या. देवीपुढे नुसता नारळ फुटला. चढ चढताना आक्का माझ्या कानाशी वाकली. "तोंड पूस बे. पुरन लागलं हाये."

दोन थपडांत ते संपलं असतं. पण दिवाळीच्या आत बाळू डांग्या खोकल्याने गेला. भेटायला आलेली आत्या बोलून गेली, "देवीचा घास उष्टावला, मंग दुसरं काय होईन?" त्यानंतर सणावारी आईने आक्काला चुलीजवळ येऊ दिलं नाही. महालक्ष्म्यांच्या दिवशी आत पुरण शिजायचं आणि आक्का ओसरीवर वाती वळत बसायची. कुणी काही विचारलं तर आधी त्याच्या तोंडाकडे पाहायची, मग हळू बोलायची.

एकदा मी तिला म्हणालो, "मी आईले सांगतो."

"नको," ती म्हणाली. "तुले कुशीत घेतल्याबिगर तिले झोप येत नाही आता. तुह्यावर राग धरला, तं थे कोनाले कुशीत घेईन?"

मला ते पटलं. खरं म्हणजे सोयीचं वाटलं. दादाला कधी कळलं नाही. आक्का साखरखेर्ड्याला नांदायला गेली. दिवाळीला माहेरी यायची. परत जाताना गाडीत बसली की माझ्या गालावरून हात फिरवायची. दर वेळी मी ठरवायचो, पुढच्या खेपेला आईला सांगायचं. आई गेली, तेव्हाही मी तिच्या उशाशीच बसलो होतो, आणि गप्प होतो.

गेल्या वर्षी आक्का गेली. तेराव्याला पंगत उठल्यावर तिची मुलगी रडता रडता हसली. "मामा, आई लहानपनी लय खादाड होती म्हने? देवीचा नैवेद्यही सोडला नाही?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. ऐंशी वर्षांचा मी. "हाव," म्हणालो.

पोरी, हा कागद तुझ्यासाठी आहे. चारचौघांत वाचून दाखव. ती पोळी मी खाल्ली. परतीच्या वाटेवर आईने सगळ्यांना दशम्या वाढल्या, तुझ्या आईला वाढली नाही. घर येईपर्यंत ती उपाशी होती, आणि मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलो होतो.