चार बोटं उंचीची फुलं

संक्रांतीनंतरच्या चौथ्या दिवशी सकाळी ताईचा नागपूरला फोन आला. "गेले तुझे भाऊजी," एवढंच म्हणाली. झोपेतच हृदय थांबलं होतं. दुपारच्या गाडीनं मी रायपूरला पोचलो तेव्हा घरी ताई, शेजारच्या साहूबाई आणि भाऊजींच्या ऑफिसातले दोघं, एवढीच माणसं होती. अंगणातल्या दगडांमधून मात्र बारीक हिरवी पाती वर आली होती. माझं लक्ष आधी तिकडेच गेलं आणि तोंड कडू झालं.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. जे चांगलं होतं ते आधी सांगतो. भाऊजी मूळचे वर्ध्याचे, नोकरी सरकारी. राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली आणि भोपाळहून त्यांची इथे बदली झाली. जिकडेतिकडे रस्ते खणले जात होते. तिथले दगड ते स्कूटरवर पायाशी ठेवून घरी आणत. दोन वर्षांत अंगणात कमरेएवढा उंचवटा उभा राहिला. खाली विटांचे तुकडे, वर जाडी रेती, उतार उत्तरेकडे. त्यात ते बुटकी आयरिस लावत. थंड डोंगराळ मुलखातलं फूल. जांभळं, पाकळीवर पिवळी रेघ, उंची चार बोटं. रायपूरच्या उन्हाशी त्याचं काय नातं? पण भाऊजी हट्टी. हिवाळा आला असं फुलांच्या कांद्यांना वाटावं म्हणून दसऱ्यापासून ते कांदे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवत आणि थंडी पडली की मातीत लावत. जानेवारी सरता सरता फुलं येत, आठवडाभरात जात. ब्राह्मणपारा मोहल्ल्यातून लोक बघायला यायचे आणि भाऊजी प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून समजावून सांगायचे, न कंटाळता. इतका चिवट माणूस मी दुसरा पाहिला नाही...

हे कौतुक झालं. आता बाकीचं. फुलांच्या दिवसांत दुपारी दगड तापत, म्हणून मधल्या बेचक्यांत बर्फ ठेवावा लागे, तोही ताटल्यांमध्ये, वितळलेलं पाणी कांद्यांना लागू नये म्हणून. भाऊजी त्या वेळी ऑफिसात. बर्फ ठेवायची ताई, ताटल्या रिकाम्या करायची ताई, आणि संध्याकाळी कौतुक ऐकायचे भाऊजी.

नागपूरला आमची आई आजारी पडली तो असाच एक जानेवारी. मी फोन केला, "ताई, आई तुझी वाट पाहून राहिली. आजच निघ." मागून भाऊजींचा आवाज ऐकू आला, "चार दिवस थांब ना. कळ्या फुगून राहिल्या. बर्फ कोण ठेवन?" ओरडले नाहीत, अगदी गोडीत म्हणाले. ताई थांबली. तिसऱ्या दिवशी आई गेली. ताई पोचली तेव्हा तिरडी बांधून झाली होती. भाऊजींनी मला मिठी मारली, डोळेही पुसले, आणि तासाभरानं विचारलं, "परतीची गाडी किती वाजता आहे रे?"

पुढच्या जानेवारीतही ताई बर्फ ठेवत राहिली, आणि त्याच्या पुढच्याही...

भाऊजींची तेरवी झाली आणि दुसऱ्याच दिवशी फुलं उमलली. साहूबाई पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "देखो दीदी, भैया आ गए." भेटायला येणारे सगळे तेच म्हणू लागले, वाकून फोटो काढू लागले. ताई आत गेली, आणि बाहेर आली ती बॅग भरूनच.

"चाल राजू, नागपूरले."

फाटकाशी साहूबाईंनी विचारलं, "दीदी, फूलों में पानी डाल दिया करूँ?"

"हव. रोज डालो. बाल्टी भर के."

मी हळूच म्हटलं, "ताई, कांदे सडतील ना."

"मालूम आहे मले," तिनं फाटकाची कडी लावली. "या घरात तेवढंच त शिकली मी."