बुरुलआपाची सुरी

इसिक-कुल सरोवराकाठच्या आमच्या गावात कुणाच्याही बागेतली पहिली फांदी छाटायची ती बुरुलआपानंच. तिच्या हाताला गुण आहे म्हणे. आपल्या सासऱ्यांकडून मिळालेली सुरी तिनं कधी पाण्यात घातली नाही. धुतली तर गुण जातो, म्हणून मेंढीची चरबी चोळून पुसायची.

यंदा सफरचंदांचे शेंडे जळल्यासारखे काळे पडून वाकले. ते छाटायलाही लोकांनी आपालाच बोलावलं. मी संशोधन केंद्रात झाडांचे रोग तपासते. फांदीवरचा मधासारखा चिकट थेंब तपासला, तर तो रोगाच्या जिवाणूंनी भरलेला निघाला. रोग शेजारच्या बागा सोडून, आपा जिथं जिथं गेली तिथंच भडकत होता.

तडक तिचं घर गाठलं.

"आपा, दर फांदीला सुरी स्पिरिटात बुडवायची."

"सुरीला दारू पाजू? तुझा नवरा पितो तेवढी पुरे."

"थट्टा नको. रोग या पात्यावरूनच फिरतोय."

तिचं हसू मावळलं. सुरी तिनं हळूच खाली ठेवली.

"सकाळी तू कामावर गेलीस," ती म्हणाली, "तेव्हा तुझ्या सासूनं तुमची बाग छाटायला बोलावलं होतं मला."