नंदाखालच्या वाडीत वरातीचा घोडा

दारात घोडा असला की तो रोज दोन टोपल्या लीद टाकतो आणि एक किस्सा. लिदीचं खत होतं, ती वाडीत जाते. किश्शांचं काय करायचं? आमच्या आळीत ते इतके साठलेत की संध्याकाळी क्रुसाजवळच्या कट्ट्यावर बसायला गेलं, तर आधी दोन-तीन किस्से बाजूला सरकवून जागा करावी लागते!

मी सातवीत दोनदा बसलो. दुसऱ्यांदा बसलो तेव्हा मास्तरच म्हणाले, "इनास, आता ऊठ बाबा." त्यामुळे शुद्धलेखनासाठी माझ्याकडे बघू नका. घरची बोली लिहिली तर नंदाखालच्या बाहेर कुणाला कळायची नाही, म्हणून जमेल तेवढं शाळेतलं मराठी लिहितोय.

घोडा आमच्या बस्त्यावचा. बस्त्याव म्हणजे माझा शेजारी. आयुष्यभर मी ज्याच्यावर फुकट हसत आलो, तो माणूस. त्याचा बाप विरार स्टेशन ते आगाशी टांगा हाकायचा. रिक्षा आल्या, बापाने घोडा विकला. बस्त्याव शाळेतून आला तर तबेला रिकामा. पुढे त्याने कारखान्यात फिटर म्हणून सगळी नोकरी काढली, रिटायर झाला, पण रस्त्यात वरात दिसली की नवरदेवाकडे न बघता घोड्याकडे बघत उभा राहायचा. एका वरातीत मुलाचा बाप घाबरून माझ्याकडे आला. "हे मुलीकडचे का हो? इतके निरखून बघतायत, काही राहिलंय का?"

मी म्हटलं, "हो, घोड्याचे दात मोजायचे राहिलेत!"

*

रेमेतवहिनी म्हणजे बस्त्यावची बायको. वाडीतली विहिरीवरची मोटर जळाली, तेव्हा त्यांनी बस्त्यावला विरार पूर्वेला पाठवलं, जुनी चांगली मोटर बघायला. मनवेलपाड्यात पप्पूशेठ म्हणून एक आहे, वरातीला घोडे देतो. त्याच्या तबेल्याच्या जागेवर बिल्डिंग येत होती, म्हणून तो घोडे काढत होता. आता मोटरच्या दुकानापेक्षा पप्पूशेठचा तबेला आधी लागला, यात बस्त्यावचा काय दोष?

संध्याकाळी हा दोरी धरून, पुलावरून ट्रॅफिक तुंबवत, चालत घरी! मागे पांढरा घोडा, कपाळावर अजून झिरमिळ्या.

वहिनी ओट्यावर मोगऱ्याच्या कळ्या निवडत होत्या.

"मोटर कुठाय?"

"हीच."

"ही?"

"रहाटाला जुंपायची. लाइट गेली तरी पाणी चालू!"

"आणि रहाट कुठाय?"

"तो आता बघतो."

वहिनींनी सुपातल्या कळ्या झटकल्या. "ऐक बस्त्याव. आपल्या चॅपलच्या सणापर्यंत ठेव. तोवर ह्याने एक तरी धड काम केलं तर राहील. नाहीतर सणाच्या दुसऱ्या दिवशी परत मनवेलपाड्याला."

मी कुंपणावरून म्हटलं, "वहिनी, हीच अट लग्नाच्या वेळी बस्त्यावला घातली असती तर?"

"तेव्हा मला कुणी सांगितलं नाही, भावजी. तुम्ही होता ना त्याच्या बाजूला उभे?"

मी कुंपणाखालून माझी पडलेली चप्पल उचलली आणि घरी गेलो.

*

रहाट काही मिळाला नाही. मग फिटरसाहेबांनी जुन्या रिक्षाची चाकं लावून एक गाडी बनवली. त्यात केळ्यांचे घड भरले, घोडा जुंपला, बाजाराला निघाले.

घोडा हलेना! चुचकारून झालं, ढकलून झालं, गवत दाखवून झालं. घोडा असा उभा, जणू नवरदेवाचा फेटा अजून बांधायचाय.

मी म्हटलं, "अरे, त्याला बँडशिवाय चालायची सवय नाही."

मोबाइलवर बँडचं एक गाणं लावलं. घोड्याने मान उडवली आणि निघाला की! बस्त्याव इतका खूश, की माझा मोबाइल खिशात टाकून तसाच गेला.

वटारच्या वळणावर समोरून खरी वरात आली. खरा बँड असताना माझ्या मोबाइलला कोण विचारतो? घोडा वळला तो सरळ वरातीच्या पुढे लागला. नवरदेव मागे गाडीत, सगळ्यांच्या पुढे घोडा, घोड्यामागे केळी आणि केळ्यांवर बस्त्याव. मांडवाच्या दारात मुलीकडच्यांनी हौसेने घड उतरवून घेतले, बस्त्यावला ओवाळलं आणि पहिल्या पंगतीला बसवलं.

दुपारी रिकामी गाडी बघून वहिनी प्रसन्न. "अरे वा, सगळी केळी खपली?"

"खपली."

"भाव काय मिळाला?"

"श्रीखंड-पुरी."

हे काम धरलं गेलं नाही.

*

विरारच्या टॉवरमधलं एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढायला आलं. नारळाची झाडं, बावखलाचं, म्हणजे वाडीतल्या तळ्याचं, पाणी आणि मध्ये पांढरा घोडा, असं त्यांना पाहिजे होतं. फोटोग्राफर पोरगा म्हणाला, "अंकल, आप थोडा फ्रेम के बाहर." बस्त्याव बाहेर झाला. मुलीने डोक्यावर फुलांचा मुकुट घातला होता. पोझ घ्यायला ती घोड्याला टेकली, आणि घोड्याने तो मुकुट शांतपणे खाल्ला.

मुलगा इतका हसला की मुलगी रुसून गाडीत जाऊन बसली. जाताना फोटोग्राफर म्हणाला, "अंकल, घोडे के फोटो एकदम मस्त आये. बाकी देखते हैं."

बस्त्याव वहिनींकडे धावला. "रेमेत, आज घोडा अर्धा दिवस कामावर होता!"

"नुसतं उभं राहणं म्हणजे काम असेल, तर तू अजून रिटायर झालाच नाहीस."

*

आता सुकेळ्यांचं ऐका. राजेळी केळी पिकली की सोलून उन्हात सुकवायची, ती आतून मधासारखी होतात. रेमेतवहिनींची सुकेळी म्हणजे आळीत शेवटचा शब्द. त्या वर्षी कॅनडातल्या बहिणीसाठी मांडवावर घातली होती, वरून साडीचं पांघरूण. घोड्याने पांघरूण दातांनी बाजूला केलं, सगळी सुकेळी संपवली आणि पांघरूण होतं तसं परत टाकलं... असं मी सांगतो. बस्त्याव म्हणतो पांघरूण खाली पडलेलं होतं. तुम्ही माझं ऐका.

वहिनी घोड्याला एक शब्द बोलल्या नाहीत. उलट बादली भरून ठेवली. "गोड खाल्लंय, तहान लागेल." आणि बस्त्यावला त्या दिवशी जेवायला वाढलं नाही. घोडा तुडुंब, नवरा उपाशी!

बस्त्याव माझ्याकडे आला. आमची मंडळी माहेरी, म्हणून मी आगाशीहून भुजिंग आणलं होतं, कोळशावर भाजलेली कोंबडी, पोह्यांत घोळलेली. याने समोरचं संपवलं, मग माझ्या ताटाकडे बघू लागला. मला वाटलं भूक आहे.

तो म्हणाला, "इनास, म्हातारा झालाय रे तो. परत गेला की त्या डीजेसमोर उभा करतील. कान कसे पाडतो बघितलंस ना, मोठा आवाज आला की?"

मी बघितलं होतं.

"आणि मला परत रिकामा तबेला बघायचा नाही."

मला त्यावर काही चावट सुचलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा! म्हणून मी त्याला माझ्या ताटातली तंगडी दिली.

*

पण चावटपणा असा किती वेळ थांबणार? वटारचे नाना आले. मोठी वाडी, शाळेत शिक्षक होते, आणि कुठलाही विषय निघाला की "मी तरुणपणी" सुरू. घोडा बघताच म्हणाले, "मी तरुणपणी एनसीसीत घोड्यावर रपेट करायचो."

मी म्हटलं, "नाना, शक्यच नाही."

"म्हणजे काय? आण इकडे!"

बस्त्यावने धरलं, मी ढकललं, नाना वर बसले. मी हळूच मोबाइलवर बँड लावला आणि मोबाइल नानांच्या झोळीत सोडला. घोडा रस्त्याला लागला.

"इनास, हा थांबत का नाही?"

"नाना, तुमची मांड पक्की आहे, म्हणून!"

वरातीच्या घोड्याला एकच पत्ता माहीत: मांडव. जो पहिला दिसेल तो. त्या दिवशी चॅपलच्या पलीकडे महिला मंडळाचा मांडव होता, पाककृती स्पर्धेचा. टेबलांवर पिठाचे तळलेले फुगे, तिखट-आंबट मटणाचं इंद्याल, कोळंबीचं लोणचं, बोंबलाची चटणी. बाया प्रमुख पाहुण्यांची वाट बघून कंटाळलेल्या. इतक्यात पांढऱ्या घोड्यावरून, पांढऱ्या सदऱ्यात, झोळीतून बँड वाजवत नाना आले!

"आले, आले! पाहुणे आले!"

हार पडला. नानांनी एकदाही म्हटलं नाही की मी तो नव्हे. भाषण केलं, तेही "मी तरुणपणी" पासून. सगळ्या ताटांतलं चाखलं. पहिला नंबर दिला कैरीच्या लोणच्याला, आणि ते लोणचं स्पर्धेत नव्हतंच, बायांनी स्वतःच्या जेवणासाठी बाजारातून आणलेलं!

खरे पाहुणे नंतर आले. त्यांना तिथे कुणी ओळखेना. मांडवाच्या दारात कुणीतरी त्यांच्या हातात घोड्याची दोरी दिली आणि सांगितलं, "जरा धरा हो, साहेब आत भाषण करतायत."

*

शेवटी सण आला. बस्त्यावकडे तेवढा एकच दिवस उरला होता. त्याने फादरना विचारून ठेवलं: मिस्सा झाली की चॅपलपासून खेळांच्या मैदानापर्यंत लोक बँडबरोबर जातात, तेव्हा आळीतल्या ज्या म्हाताऱ्यांना चालवत नाही, त्यांना घोडागाडीतून न्यायचं. धड काम! पुण्याचं काम! वहिनीही म्हणाल्या, "हे केलं तर मी धरेन."

बस्त्यावने घोडा धुतला, आयाळ विंचरली. गाडीत चार म्हाताऱ्या, हातांत पंखे. बँड सुरू झाला, घोडा निघाला, काय ती ऐट! वहिनी बाजूने चालत होत्या, आणि मी शपथेवर सांगतो, त्या हसल्या.

मध्यावर बँडवाल्यांनी ठेका बदलला. पोरं नाचायला लागली. आणि घोडा थांबला.

वरातीत असंच असतं ना! लोक नाचले की घोड्याने थांबायचं, आणि कुणीतरी डोक्यावरून नोट ओवाळली की पुढे सरकायचं. पप्पूशेठने लहानपणापासून शिकवलेलं. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना कुंपण. पुढचे पुढे गेले, मागचे सगळे अडकले. बस्त्याव घोड्याच्या कानात काहीतरी विनवतोय. म्हाताऱ्या गाडीतून ओरडतायत, "बस्त्याव, काय झालं रे? पेट्रोल संपलं?"

मागून फादर आले. "काय प्रॉब्लेम आहे?"

मी टोपी काढून म्हटलं, "फादर, नोट ओवाळावी लागते."

"कुणी?"

"समारंभात जो मोठा असेल त्याने."

फादर बिचारे नवीन, केरळहून आलेले. त्यांना वाटलं वसईची रीत असेल. त्यांनी झग्याच्या खिशातून दहाची नोट काढली आणि अख्ख्या गावासमोर घोड्याच्या डोक्यावरून तीनदा ओवाळली!

घोडा सरकला. पाच पावलं. परत थांबला.

फादरनी दुसऱ्या खिशात हात घातला. तोवर म्हाताऱ्या गाडीतून उतरल्या आणि चालत मैदानात गेल्या. सगळ्यांच्या आधी पोचल्या.

वहिनी घोड्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. आता हसत नव्हत्या. "झालं, बस्त्याव," एवढंच म्हणाल्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पूशेठ टेंपो घेऊन हजर. त्याला तबेल्यासाठी नवी जागा मिळाली होती. आळीतली सगळी माणसं कुंपणांना टेकून उभी. बस्त्याव दिसत नव्हता.

पप्पूशेठने फळी लावली. घोडा कसला अडतोय! जन्म गेला टेंपोतून लग्नांना जाण्यात. टकटक करत चढला, आत जाऊन आमच्याकडे तोंड करून उभा राहिला.

तेवढ्यात घरातून बस्त्याव बाहेर आला. अंगात सणाचा कोट, हातात कपड्यांची पिशवी. कुणाकडे बघितलं नाही. फळीवरून टेंपोत चढला, घोड्याच्या शेजारी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसला.

पप्पूशेठ म्हणाला, "काका, हे काय?"

"जिथे हा, तिथे मी. चला."

मी वहिनींकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. वहिनी ओट्यावरून उतरल्या, पदर खोचला, टेंपोच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा घोड्याकडे.

"पप्पूशेठ, घोडा उतरवा."

बस्त्यावचा चेहरा असा उजळला, की काय सांगू! पिशवी उचलून तोही उठायला लागला.

"तू कुठे निघालास? तू बस."

"अगं रेमेत..."

"बस म्हटलं ना! जायचंय ना तुला?"

घोडा खाली आला. वहिनींनी दोरी हातात घेतली आणि स्वतः टेंपोची मागची फळी वर करून कडी लावली.

पप्पूशेठ घाबरला. "वहिनी, ह्यांना नेऊन मी काय करू?"

"मला काय विचारता? धंदा तुमचा."

आणि टेंपो खरंच निघाला! कोट घातलेला बस्त्याव, एक हात फळीवर, दुसऱ्या हातात पिशवी, वळणापर्यंत आमच्याकडे तोंड करून उभा. तिथून त्याने हात हलवला. मला की घोड्याला, माहीत नाही.

मी म्हटलं, "वहिनी, अहो, आता तो?"

वहिनी घोड्याला घेऊन वाडीत वळल्या होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "येईल जेवायच्या वेळेला. त्याला बस माहीत आहे, भावजी. ह्याला कोण तिकीट देणार?"