साहेबांच्या तपासणीच्या दिवशी बोरन्हाण

माझ्या सुनेची शाळा मी एकदा दोन मिनिटांत रिकामी केली होती.

लखनौबाहेरच्या खेड्यातली सरकारी शाळा. एक खोली, एक कडुनिंब, एकोणीस पोरं. शिकवायला एकटी आमची सुनीता. (घंटा तीच वाजवायची, नाकंही तीच पुसायची.) पोरं कमी, म्हणून शाळा बंद करून हायवेपलीकडच्या शाळेला जोडायचं चाललं होतं. एवढीशी पोरं ट्रकांमधून रस्ता कशी ओलांडणार? ती घरीच बसली असती. म्हणून शिक्षण खात्याचे साहेब हजेरी बघायला येणार, त्या दिवशी सुनीताने घरोघर हात जोडून एकोणीसच्या एकोणीस पोरं गोळा केली!

मीही लखनौतल्या आमच्या जानकीपुरमहून तिच्या स्कूटरवर मागे बसून गेले. (बोलावलं कोणी नव्हतं.) संक्रांत नुकतीच झालेली. पिशवीत बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, गोळ्या. बोरन्हाण खरं तान्ह्या बाळांचं, पण आमचा नातू इंजिनिअरिंगला! त्याच्या डोक्यावर बोरं कशी ओतू?

"आई, साहेब जाऊ देत ना आधी!"

"दोन मिनिटांचं काम. पोरं हसरी दिसतील."

ओतली पिशवी! काय ती झोंबाझोंबी! कुणाची तरी शेळीसुद्धा घुसली. खिसे भरले, स्वेटर फुगले. मला वाटलं, तिथेच बसून खातील. पण ही शहाणी पोरं खाऊ घरी ठेवायला पळाली. सगळी!

"अरे, रुको!"

"दादी, अम्मा को देके आते हैं!"

तेवढ्यात जीप आली. वर्गात सुनीता, मी आणि शेळी.

"मॅडम, बच्चे कहाँ हैं?"

"सर, अभी थे..." सुनीता रडायच्या बेतात.

मी तशीच अनवाणी गल्लीत धावले. "चलो, और मिलेगा!" (पिशवी रिकामी होती. खोटं बोलले, काय करणार?) पोरं परतली ती धाकट्या भावंडांना काखेत मारून! "दादी, इसके सिर पे भी डालो!"

साहेबांनी मोजली. चौतीस!

"सर, हमारे उन्नीस ही हैं," सुनीता म्हणाली. भलतीच खरं बोलणारी! "बाकी अभी छोटे हैं."

"तो बड़े होकर यहीं आएँगे," साहेब हसले. शाळा राहिली.

सुनीताची आता बदली झाली. पण हातगाडीवर बोरं दिसली की मला ती पोरं आठवतात, आणि तिला साहेबांचा शेरा. आल्यागेल्याला ती तो तोंडपाठ म्हणून दाखवते: "उपस्थिति पूर्ण। अनुशासन संतोषजनक, केवल एक बुज़ुर्ग महिला को छोड़कर।"